रांगेतील शांत बाळ



मी नवीन नर्स असतानाची गोष्ट. सातपुड्यातील एका दवाखान्यात होते. बाजाराचा दिवस होता, ओपीडीत मोठी रांग होती. हात कापलेला एक मुलगा जोरजोरात रडत होता, म्हणून मी त्याला आधी आत घेतले. रांगेच्या शेवटी एक आई बाळाला फडक्यात बांधून बसली होती. तिला मराठी येत नव्हते आणि बाळही गप्प होते. तिची पाळी आली तेव्हा बाळाचे हातपाय थंड पडले होते. ते वाचले नाही.

आज मी नर्सेसना जे शिकवते, ते त्या बाळामुळे. त्याला 'ट्रायेज' म्हणतात. केसपेपर काढण्याआधीच प्रत्येक मुलाकडे नीट पाहायचे आणि कोणाला आधी घ्यायचे ते ठरवायचे. रेशनच्या दुकानात पहिला आला तो पहिला, हे बरोबर आहे; आजारी मुलांच्या बाबतीत नाही.

पाहण्याचा क्रम ठरलेला आहे. श्वास अडकतो आहे का? ओठ निळे आहेत का? हात थंड असतील तर नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला ३ सेकंदांहून जास्त लागतात का? मूल बेशुद्ध आहे का, झटके येत आहेत का? जुलाबांनी सुकून ग्लानीत गेले आहे का? यातले एकही लक्षण दिसले तर रांग नाही, लगेच उपचार. दोन महिन्यांच्या आतील, अतिकुपोषित, दोन्ही पायांवर सूज असलेली किंवा भाजलेली मुले त्यानंतर लगेच. धोक्याचे कोणतेच लक्षण नसलेली मुले थांबू शकतात.

हे काम महागड्या यंत्रांचे नाही. आफ्रिकेतील मलावी देशात, ब्लांटायरच्या सरकारी रुग्णालयात २००१ पासून ही पद्धत बसवली गेली. तेथे दाखल मुलांमधील मृत्यूंचे प्रमाण १०–१८ टक्क्यांवरून ६–८ टक्क्यांवर आले.

प्रशिक्षणाला मी वॉचमनकाकांना आणि केसपेपर लिहिणाऱ्यांनाही बसवते. फाटकाशी मूल सर्वांत आधी त्यांनाच दिसते. आणि आईची बोली त्यांना येते, मला अजून पुरती येत नाही.

प्रार्थनेत या सर्वांची आठवण ठेवा. आणि आपल्या घरी, शेजारी एखादे आजारी बाळ फारच शांत पडले असेल, तर "झोपलंय, झोपू दे" म्हणू नका. त्याला जागे करून पाहा. जागे होत नसेल तर लगेच दवाखाना गाठा.