जुगाराचा नाद : सवय की आजार?

काही वर्षांपूर्वी चाळिशीतले एक गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. झोप नाही, छातीत धडधड, अन्नावर वासना नाही. रक्तदाब, साखर, ई.सी.जी. सारे ठीक. आठ दिवसांनी त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ह्यांना आजार काही नाही. मोबाईलवर क्रिकेटच्या पैजा लावतात. पतपेढीचं कर्ज झालं, माझ्या पाटल्याही गेल्या." गृहस्थांना विचारले तर ते म्हणाले, "मी जबाबदारीने खेळतो. जाहिरातीतही तसंच सांगतात."

दोघांचेही चुकत होते. जुगाराचा अनावर नाद हा आजारच आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये त्याची आजार म्हणून नोंद केली आणि २०१३ मध्ये तो दारूसारख्या व्यसनांच्या गटात घातला. थोडक्यात हुकलेला डावसुद्धा मेंदूला जिंकल्यासारखाच चेतवतो. म्हणून हरणारा माणूस उठत नाही, पुढचा डाव लावतो.

आता 'जबाबदारीने खेळा' या सल्ल्याबद्दल. ब्रिटनमध्ये पैजेची दुकाने १९६१ पासून कायदेशीर आहेत. तेथील चार मोठ्या कंपन्यांनी २०१४ मध्ये स्वतःवर नियम घालून घेण्यासाठी संस्था काढली आणि 'मजा संपली की थांबा' असे फलक लावले. त्यात 'मजा' हाच शब्द सर्वांत मोठा! वॉरिक विद्यापीठातील संशोधकांनी तपासले, तेव्हा या इशाऱ्याने पैजा कमी झाल्याचे दिसले नाही. दुकानातील यंत्रांवर दर २० सेकंदांना १०० पौंडांपर्यंत लावता येत. ती मर्यादा २ पौंडांवर आली ती २०१९ मध्ये, सरकारने आणली तेव्हा. ज्याला थांबता येत नाही हाच ज्याचा आजार, त्याला 'थांबा' सांगून काय होणार?

एक उपाय मात्र घेण्याजोगा आहे. २०१८ पासून तेथे माणूस स्वतःहून नाव नोंदवून जुगाराची संकेतस्थळे स्वतःला बंद करून घेऊ शकतो. मुदत सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे. मध्येच मन बदलले तरी कुलूप उघडत नाही. मन शांत असताना घातलेला बांध मोहाच्या वेळी उपयोगी पडतो.

आपल्याकडे संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. मटका तर आधीपासूनच बेकायदा. पण दुकान बंद झाले म्हणून ओढ बंद होत नाही. म्हणून ही लक्षणे ओळखा :

१) हरलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा खेळणे.
२) रक्कम वाढवत नेणे.
३) घरी खोटे बोलणे, लपवून कर्ज काढणे.
४) बंद केल्यास चिडचिड, बेचैनी, निद्रानाश.
५) अनेकदा ठरवूनही न सुटणे.

घरच्यांनी काय करावे? शिव्याशाप देऊ नयेत. तसेच गुपचूप कर्ज फेडूनही टाकू नये, त्याने पुढच्या डावाची सोय होते. त्याच्याच संमतीने पगार व बँकेचे व्यवहार काही काळ दुसऱ्याच्या हाती द्यावेत. मोबाईलवरून पैसे पाठवण्याची मर्यादा कमी करून घ्यावी. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे, समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो. कर्जबाजारी माणूस जीव देण्याची भाषा करू लागला तर ती धमकी समजू नका, त्याला एकटे सोडू नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे.

त्या गृहस्थांनी पगाराचे खाते पत्नीच्या हाती दिले आणि उपचार घेतले. मध्ये एकदा पाय घसरला, पण त्यांनी तो स्वतःहून सांगितला. कर्ज अजून फिटायचे आहे. झोप मात्र लागते. आपल्या घरी अशी शंका असेल तर लाज बाळगू नका. ताप लपवत नाही, मग हा आजार तरी का लपवायचा?