दवाखान्यात दुसरीचं बोलणं सांगताना



एमआयडीसीमुळे आपल्या वाळूजमध्ये बिहार, उत्तर प्रदेशातली कुटुंबं राहतात. तांड्यावरच्या बाया घरात गोरमाटी बोलतात. यांच्यापैकी कुणाला कॅन्सर निघाला, तर आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात सोबत म्हणून गटातली एखादी ताई जाते. डॉक्टरांचं पेशंटला आणि पेशंटचं डॉक्टरांना सांगायचं, हे दुभाषीचं काम. उपचार कुठवर करायचे हे ठरवताना ते फार जबाबदारीचं होतं. कसं करायचं, ते या धड्यात बघू.

आत जाण्याआधी

डॉक्टरांकडे दोन मिनिटं मागा. आज काय सांगणार आहात, वाईट बातमी आहे का, हे विचारून घ्या. "थोडं थोडं बोला, मी मधे सांगत जाईन," असं म्हणा. अवघड शब्दाचा अर्थ तिथेच विचारा. उदाहरणार्थ, 'पॅलिएटिव्ह केअर' म्हणजे दुखणं, धाप, उलटी असा त्रास कमी करणारी काळजी. ती इतर उपचारांसोबतही चालते. "आता काही उपाय नाही" असा त्याचा अर्थ सांगितला, तर पेशंट औषधं सोडून घरी बसेल.

बोलणं चालू असताना

१. डॉक्टर म्हणाले, "आजार बरा होणार नाही, पण त्रास कमी करता येईल," तर दोन्ही गोष्टी सांगा. तिला वाईट वाटेल म्हणून "सगळं ठीक होईल" म्हणू नका. खरं कळलंच नाही, तर ती ठरवणार कशी?

२. घरचे म्हणाले, "तिला सांगू नका," तर तेही डॉक्टरांना सांगा. किती ऐकायचंय, हे डॉक्टर तिलाच विचारतील. आपण तिचं उत्तर पोचवायचं.

३. आपला सल्ला मधे घालू नका. तिच्या वतीनं उत्तरही देऊ नका.

४. लहान लेकरांना दुभाषी करू नका.

५. शेवटी, काय समजलं ते तिला तिच्या शब्दांत सांगू द्या आणि डॉक्टरांना ऐकवा. चूक तिथेच सापडते.

लिहून ठेवायचं असेल तर

पुढे आपल्याला बोलता आलं नाही आणि बरं होण्याची आशा उरली नाही, तर व्हेंटिलेटरसारखे जीव लांबवणारे उपचार नकोत, असं आधीच लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ ला याला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ ला पद्धत सोपी केली. माणूस सज्ञान आणि शुद्धीवर हवा, निर्णय स्वखुशीचा हवा. दोन साक्षीदार लागतात, शक्यतो घराबाहेरचे. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही होते. आपल्या वतीनं कोण बोलेल, त्याचं नाव त्यात असतं. मन बदललं तर कागदही बदलता येतो. वेळ आल्यावर डॉक्टरांची मंडळं तपासूनच निर्णय घेतात.

हे मालमत्तेचं मृत्युपत्र नव्हे, हे घरच्यांना समजावून सांगा. अंगठा उठवण्याआधी सगळा कागद तिच्या भाषेत वाचून दाखवा.

दवाखान्यातलं बोलणं गटात किंवा गल्लीत काढायचं नाही. ती गोष्ट तिची आहे.

पुढच्या बैठकीत करून बघा: एक ताई डॉक्टर, एक पेशंट, एक दुभाषी. "आजार बरा होणार नाही" हे वाक्य सांगा. बाकीच्यांनी नीट ऐकायचं: काय गळलं, आणि काय पदरचं घातलं?