उसाची कांडी वाचायला शिका
(ऊसविकास विभागाकडून)



नाशिकला कामानिमित्त जाणे झाले की आम्ही पंचवटीत वडाखाली घटकाभर टेकतो. पाच वडांवरून या जागेला पंचवटी नाव पडले, असे परंपरा सांगते. ऐन मे महिन्यात भोवतालचे गवत करपते, पण वड हिरवाच! त्याची मुळे खोल आणि दूरवर गेलेली असतात. पेठ-सुरगाण्याच्या रानातला साग मात्र पाने झाडून मोकळा होतो. पानच नाही, तर पाणी उडून जाणार कुठून? झाडाला जागा सोडून पळता येत नाही, म्हणून प्रत्येकाने ताण सोसण्याची आपापली रीत बसवली आहे.

झाड सोसलेला ताण अंगावर लिहूनही ठेवते. सागाच्या बुंध्यात दरसाल एक वलय वाढते. चांगल्या पावसाच्या साली ते रुंद, ओढीच्या साली अरुंद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ बोरगावकर व त्यांचे सहकारी यांनी केरळातील सागाच्या वलयांवरून 523 वर्षांची नोंद तयार केली. ती 2010 साली प्रसिद्ध झाली. मोसमी पावसाने दगा दिल्याच्या खुणा त्या वलयांत सापडल्या.

तुम्ही म्हणाल, सागाशी आपला काय संबंध? संबंध आहे. ऊस हे झाड नव्हे, गवतवर्गातले पीक आहे. पण तोही हिशेब लिहितो, कांडीवर.

मध्यंतरी एका प्लॉटवर सभासद म्हणाले, "साहेब, बेणंच फसवं निघालं, वजन भरत नाही." आम्ही पाच-सहा ऊस उपटून शेजारी-शेजारी मांडले. खालच्या कांड्या लांब, मधल्या चार-पाच बोटभर, वर पुन्हा लांब. सगळ्या उसांत आखूडपणा एकाच उंचीवर. वाढीच्या जोमात ऊस महिन्याला साधारण 3 ते 4 कांड्या टाकतो. त्या हिशेबाने मागे मोजत गेलो, तर चुकलेल्या पाळीचाच महिना निघाला. बेण्याचा दोष नव्हता.

यातली खरी गोम ध्यानात घ्या. ओल कमी पडली की आधी कांडीची लांबी थांबते, पान नंतर वाळते. पानावरची बारीक छिद्रे मिटतात, पाणी वाचते. पण हवेतला कार्बन वायूही आत येत नाही, म्हणजे साखर बनणेही मंदावते. पान वाळायची वाट पाहिली तर नुकसान होऊन गेलेले असते. पुढे कितीही पाणी द्या, आखूड राहिलेली जुनी कांडी पुन्हा लांबत नाही.

म्हणून पुढील गोष्टी कराव्यात:

1) दुपारी पान गुंडाळले नि संध्याकाळी उलगडले तर घाबरू नये. सकाळीही गुंडाळलेलेच दिसले, तर पाण्याची सोय तातडीने करावी.

2) पाणी थोडे असेल तर एकआड एक सरी भिजवावी. शक्य असेल त्यांनी ठिबक करावे.

3) पाचट जाळू नये. खोडव्यात ते सरीत पसरावे. लावणीच्या उसातली खालची वाळलेली पानेही काढून सरीतच टाकावीत.

4) ताणाच्या काळात 2 टक्के युरिया व 2 टक्के म्युरेट ऑफ पोटॅशचे द्रावण 15 ते 20 दिवसांच्या अंतराने फवारावे.

एक सावधगिरी. आखूड कांड्या सगळ्या रानात एकाच उंचीवर असतील तर पाण्याचा ताण समजावा. ऊस जागोजागी ठिपक्यांनी खुरटला असेल तर मुळाशी उकरून हुमणी पाहावी. पाणी साचते का तेही पाहावे.

तोडणीच्या दिवशी मोळी बांधण्यापूर्वी चार ऊस बाजूला ठेवा, कांड्या मोजा आणि पाळ्यांच्या तारखांशी ताडून वहीत मांडा. पुढच्या लावणीच्या वेळी विहिरीला किती पाणी टिकते आणि त्यावर किती एकर ऊस पोसेल, हे ती वहीच सांगेल. कांडी ओळखता येत नसेल तर आपल्या गटाच्या शेतकी मदतनिसाला बांधावर बोलवा. आम्हीही येऊ.