पवनीच्या सहलीत तेरावा माणूस केवढ्याला पडतो

भंडाऱ्याला समुद्र नाही. पण जिल्ह्याच्या दक्षिणेला, वैनगंगेच्या काठी पवनी आहे. जुना किल्ला, नदीवरचे घाट आणि 1969-70 च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर निघालेला बौद्ध स्तूप, एवढं शनिवार-रविवारला भरपूर झालं. हे सगळं पायी आणि फुकट पाहता येतं. खर्च होतो तो बाकीच्या गोष्टींवर.

भंडारा ते पवनी अंतर सुमारे 50 किलोमीटर. एसटीच्या साध्या गाडीचं तिकीट शंभराच्या आत बसतं. बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट, 65 ते 75 वयाच्यांना अर्धं आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. आजी-आजोबा, काकू, मावश्या असा गोतावळा असेल तर एसटीचा नाद सोडू नका. ज्येष्ठांची आधार कार्डं तेवढी जवळ ठेवा. चाळीसेक माणसं जमली तर आगारात प्रासंगिक कराराचा दर विचारा.

खासगी गाडीवाला किलोमीटरचा भाव सांगतो. अंतर थोडं म्हणून आपण खूश होतो आणि फसतो. बाहेरगावच्या भाड्याला दिवसामागे किमान किलोमीटर लावतात; तुम्ही शंभरच फिरलात तरी पैसे त्या किमानाचेच. चालकाचा भत्ता आणि रात्रीचा मुक्काम त्यावर. त्यापेक्षा दोन दिवसांचा ठोक भाव ठरवा, त्यात काय काय आलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या आणि मगच आगाऊ रक्कम द्या.

खरी मेख सफारीत आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पवनीकडूनही शिरता येतं. एका जिप्सीत पर्यटक सहा. जिप्सीचं भाडं आणि गाईडचे पैसे गाडीमागे असतात, डोक्यामागे नाही. म्हणून सहा किंवा बारा जणांना सफारी परवडते. सातव्यासाठी अख्खी दुसरी गाडी लागते. आम्ही एकदा तेरा जण गेलो होतो. तिसरी जिप्सी कोणालाच परवडेना, तेव्हा तेरावा माणूस, म्हणजे मी, तीन तास फाटकाबाहेर चहा पीत बसलो. आत गेलेल्यांना वाघ दिसला नाही, हे ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! तेव्हा आधी माणसं पक्की करा, मग वन विभागाच्या संकेतस्थळावर आरक्षण करा. ज्या ओळखपत्रावर आरक्षण केलं तेच सोबत घ्या. पावसाळ्यात सफारी साधारणपणे बंद असते. तेव्हा गोसेखुर्द धरणाकडे वळा. त्याला 33 दरवाजे आहेत.

मुक्कामाचा भाव विचारताना तो खोलीचा की माणशी, जेवण त्यात धरलंय का, जादा गादीचे किती आणि जीएसटी आत की बाहेर, हे चारही प्रश्न एकाच फोनमध्ये विचारा. भाव जास्त वाटला तर रात्री सरळ भंडाऱ्याला परता. तासाभराचा तर रस्ता आहे, आणि घरच्या गादीला जीएसटी लागत नाही.