कवडीचुंबक स्क्रूज आणि कर्जाचा कागद

बालमित्रांनो, आणि भिंतीशी थांबून वाचणाऱ्या पालकांनो,

गुरुजींनी आम्हांला 'ए ख्रिसमस कॅरल' ही गोष्ट सांगितली. चार्ल्स डिकन्स यांची ही छोटी कादंबरी १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये निघाली. डिकन्स १२ वर्षांचे होते तेव्हा, १८२४ साली, त्यांचे वडील कर्जापायी तुरुंगात गेले. त्याच सुमारास हा पोरगा बूटपॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना लेबले चिकटवीत होता. म्हणजे कर्ज काय असते हे त्यांना चांगलेच ठाऊक होते.

गोष्टीतला स्क्रूज म्हणजे चमडी जाईल पण दमडी जाणार नाही असा माणूस. आपल्या भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यात मेहताजी हिशेब ठेवतो ना, तसा त्याच्याकडे बॉब नावाचा कारकून. पगार आठवड्याला १५ शिलिंग. कडाक्याची थंडी, पण कोळशाची पेटी शेट स्वतःच्या खोलीत ठेवी. बॉब बिचारा मेणबत्तीवर हात शेकी!

नाताळच्या आदल्या रात्री मेलेला भागीदार मार्ले येतो. अंगाला साखळी, आणि साखळीला तिजोऱ्या, किल्ल्या, हिशेबाच्या वह्या. मग तीन भुते येतात. (भुते खरी नसतात, पण गोष्टीत चालतात.) पहिले भूत त्याला त्याचीच शाळा दाखवते. सुट्टीत सगळी मुले घरी गेलेली, आणि लहानगा स्क्रूज एकटाच वाचत बसलेला. तिथे म्हातारा रडतो. मला वाटते, तो बदलायला लागला तो इथेच. दुसरे भूत बॉबचे घर आणि कुबडीवर चालणारा टिम दाखवते. तिसरे दाखवते स्क्रूज मेल्यानंतरचे दिवस. एक कर्जदार नवराबायको आहेत. नवरा एका आठवड्याची मुदत मागायला गेलेला, तर सावकारच मेला असे कळते. दोघांना हायसे वाटते. माणूस मेला आणि घरात सुटकेचा श्वास!

सकाळी स्क्रूज जागा होतो. बॉबच्या घरी मोठा टर्की पक्षी पाठवतो, दुसऱ्या दिवशी पगार वाढवतो आणि म्हणतो, आधी कोळशाची बादली विकत आण, मग लिही. टिमही जगतो.

पण त्या नवराबायकोचे पुढे काय झाले? पुस्तकात नाही!

कर्जाच्या कागदावरून देहूची हकीकत आठवली. तुकाराम महाराज काही कंजूष नव्हते, पण घरी महाजनकी होती, लोकांची खते होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको आणि मुलगा गेला. पुढे त्यांनी खते इंद्रायणीत बुडवली, असे वारकरी सांगतात. त्यातली निम्मी मात्र धाकटा भाऊ कान्होबाला दिली, कारण ती त्याच्या वाटणीची. आपल्या वाटणीचीच सोडली, दुसऱ्याची नाही. हे मला फार आवडले.

वर्गात मत घेतले, की स्क्रूजने त्या नवराबायकोचा कागद फाडला असेल का? निम्मी मुले म्हणाली, फाडला. बाकीची म्हणाली, नुसती मुदत दिली असेल. आमच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "उचल घेतलेल्याला विचारा." पालकांनो, तुमचे मत चिठ्ठीवर लिहून खालच्या खिळ्याला अडकवा.