गादीच्या कारखान्यातील इजा आणि कामगाराचा हक्क

शहागंज आणि आसपासच्या वस्त्यांतून गादी-उशांच्या कामाला जाणाऱ्या बंधू-भगिनींसाठी या वेळचे आरोग्य पान आहे. गादी मऊ असते, पण ती भरण्याचे काम मऊ नसते. त्यात धूळ, यंत्र आणि आग असे तीन धोके आहेत.

धूळ : पिंजताना कापसाची बारीक धूळ छातीत जाते. वर्षानुवर्षे ती जात राहिली तर बिसिनोसिस हा आजार होतो. सुट्टीनंतर कामावर गेलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दम लागतो आणि नंतर बरे वाटते, ही त्याची पहिली खूण. या वेळी धूळ टाळली तर त्रास थांबतो. दुर्लक्ष केले तर दम कायमचा मागे लागतो. बिडीने तो आणखी वाढतो. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर क्षयाचीही शंका असते. म्हणून घाटीत जाऊन छाती व थुंकी तपासून घ्यावी. आपण कापसाचे काम करतो हे डॉक्टरांना सांगून केसपेपरवर लिहून घ्यावे. तोंडाला रुमाल पुरत नाही. एन-९५ मास्क हवा. फरशी कोरडी झाडू नये, आधी पाणी शिंपडावे. धूळ बाहेर फेकणारा पंखा मालकाकडे मागावा.

यंत्र : पिंजण यंत्राच्या रोलरमध्ये कापूस अडकला की हात घालण्याआधी मेन स्विच बंद करावा. रोलरवरचे झाकण काढून काम करू नये. पदर, ओढणी, वेणी आवळून बांधावी.

आग : कापूस आणि फोम झपाट्याने पेटतात. फोमचा धूर विषारी असतो. आत बिडी नको, उघड्या वायरी नकोत, आणि दारासमोर गाद्यांचा ढीग तर मुळीच नको.

इतके करूनही इजा झाली तर? बरेच जण शेठने हातावर ठेवलेले पैसे घेऊन गप्प बसतात. पण भरपाई ही मेहेरबानी नाही. १९२३ च्या कायद्याने ती मालकाची जबाबदारी ठरवली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. विजेच्या यंत्रावर चालणाऱ्या छोट्या कारखान्यालाही ही जबाबदारी लागू होते. मालकाने विमा काढलेला नसला तरी ती टळत नाही. बिसिनोसिसचाही व्यावसायिक आजारांच्या यादीत समावेश आहे.

कारखान्यात दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळातच प्रा. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला आणि १९४८ साली हा कायदा झाला. १२,००० रुपये पगारातून कामगाराचे ९० रुपये कापले जातात, मालक ३९० भरतो. कामावर इजा होऊन घरी बसावे लागले तर पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते, उपचारही होतात.

ईएसआय नसेल तर मालकाने उपचारांचा खर्च द्यायचा असतो. तीन दिवसांपेक्षा जास्त काम बुडाले तर दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के द्यावे लागतात. १२,००० पगारावर ३,००० रुपये. कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू आल्यास वय आणि पगार पाहून मोठी रक्कम ठरते.

इजा झाल्यावर हे करावे :
१. त्याच दिवशी मालकाला लेखी कळवून प्रत जवळ ठेवावी.
२. केसपेपरवर ‘कामावर असताना इजा’ असे लिहून घ्यावे.
३. सोबत काम करणाऱ्यांची नावे, हजेरी आणि पगाराचा पुरावा जपावा.
४. ‘माझी काही मागणी नाही’ अशा कागदावर सही करू नये. झाली असेल तरी घाबरू नये; हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्द ठरतो.
५. दोन वर्षे उलटण्याच्या आत दावा दाखल करावा.

वकिलाच्या फीची काळजी नको. अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जातीचा दाखला सोबत न्यावा. येत्या पगाराला पावती मागून त्यावर ईएसआयची कपात दिसते का, एवढे तरी प्रत्येक घराने पाहावे.