बाराव्या गड्याला ताईचं सांगणं

बाबू, रविवारी तू घरी आलास, किटबॅग पडवीत टाकलीस आणि न जेवता झोपलास. आईला वाटलं ऊन लागलं. मला मात्र तुझी पांढरी पँट दिसली. सकाळी मी केलेली इस्त्रीची घडी संध्याकाळी जशीच्या तशी होती, गुडघ्यावर मातीचा एक डाग नव्हता. फायनलच्या दिवशी तू बारावा गडी होतास. दिवसभर पाण्याच्या बाटल्या नेल्यास, ग्लोव्हज नेलेस, रिकाम्या बाटल्या परत आणल्यास. आणि तुझ्या जागेवर बाहेरगावाहून आणलेला छत्तीस वर्षांचा खेळाडू खेळला.

रात्री तू अंधारात एवढंच म्हणालास, "ताई, मी दोन वर्षं काहून घासलो मग?"

तेव्हा मी काही बोलले नाही. दुखतं त्या वेळी हिशोब सांगू नये. आज सांगते. तुझं दुःख खरं आहे, आणि ज्यांनी त्या माणसाला आणलं त्यांचं म्हणणंही सगळंच खोटं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे एकोणिसाव्या वर्षी पचायला जड जातं.

परवा दत्त चौकात चहाच्या टपरीवर तुमच्या पोट्ट्यांचा वाद मी ऐकला. अर्धे म्हणत होते, "भाडोत्री आणून जिंकण्यात काय मजा?" अर्धे म्हणत होते, "फायनलचं प्रेशर नवीन पोट्ट्याला झेपत नाही." मग गाडी आयपीएलवर गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईनं रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानला दिले आणि संजू सॅमसनला घेतलं. २०१२ मध्ये चेन्नईत आलेला जडेजा, २०२३ च्या फायनलमध्ये शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारून किताब मिळवून देणारा माणूस, सदतिशीला टेकल्यावर दुसऱ्या संघात गेला. त्याची किंमत १८ कोटींवरून १४ कोटींवर आली. तुमच्यातला एक जण म्हणाला, बरोबर केलं, पुढच्या दहा वर्षांचा विचार केला. दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला दोघंही आवडले, कारण दोघांनाही मनापासून वाटत होतं.

पण बाबू, या वादाचा खरा जवाब शोधायला चेन्नईपर्यंत जावं लागत नाही. तो आपल्या विदर्भातच आहे.

आपला विदर्भाचा संघ रणजी करंडकात १९५७-५८ पासून खेळतो. साठ वर्षं आपल्याला हलका संघ म्हणून मोजलं गेलं. मोठे संघ आपल्याविरुद्ध गुण मिळवायला यायचे. रणजीत राज्याच्या संघाला बाहेरचे खेळाडू घेता येतात, त्यांना आपण प्रोफेशनल म्हणतो. २०१५ मध्ये विदर्भानं मुंबईच्या वसीम जाफरला बोलावलं. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. लोक काय म्हणाले असतील, ते तुला सांगायला नको. रविवारी तुझ्या मनात जे होतं तेच: म्हातारा घोडा कशाला, आपल्या पोरांना संधी द्या.

पुढे काय झालं ते बघ. २०१७-१८ मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक होते. इंदूरला दिल्लीविरुद्ध फायनल होती. रजनीश गुरबानीनं हॅटट्रिक घेतली, अक्षय वाडकरनं १३३ धावा काढल्या, आणि १ जानेवारी २०१८ ला विदर्भ पहिल्यांदा रणजी विजेता झाला. विजयाची धाव जाफरच्या बॅटमधून आली. त्यानंतर मार्चमध्ये, चाळिशी ओलांडलेल्या जाफरनं इराणी चषकात २८६ धावा काढल्या. पुढच्या मोसमात रणजीत त्याच्या हजाराहून जास्त धावा झाल्या आणि करंडक पुन्हा नागपुरात राहिला.

आता माझं म्हणणं नीट ऐक. जाफरच्या धावा मोजून हा वाद सुटत नाही. करंडक कुणी उचलला ते पाहा. हॅटट्रिक नागपूरच्या गुरबानीची, शतक नागपूरच्या वाडकरचं. म्हणजे आणलेल्या माणसाच्या आजूबाजूला आपली पोरं खेळत होती. जाफर एका टोकाला उभा असायचा आणि दुसऱ्या टोकाला आपला पोरगा शिकायचा, चांगला चेंडू कसा सोडायचा, उपाहारानंतर पुन्हा शून्यापासून डाव कसा मांडायचा. हे पुस्तकात लिहिलेलं नसतं. बावीस यार्डांवर समोर उभं राहूनच ते कळतं.

मला सगळ्यात जास्त धरून ठेवावीशी वाटते ती अथर्व तायडेची गोष्ट. अकोल्याचा हा डावखुरा फलंदाज. फेब्रुवारी २०१९ मध्ये इराणी चषकाच्या सामन्याला जाफर दुखापतीमुळे नव्हता आणि अठरा वर्षांच्या अथर्वला जागा मिळाली. दुसऱ्या डावात त्यानं ७२ धावा काढल्या. त्याच सामन्यात पहिल्या डावात अक्षय कर्णेवारनं शतक ठोकलं. कर्णेवार कुठला, ते तुला ठाऊक आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला, दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा. त्याआधी सौराष्ट्राविरुद्धच्या रणजी फायनलमध्ये खाली येऊन तो नाबाद ७३ धावा करून गेला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये मणिपूरविरुद्ध टी-२० सामन्यात त्याची चार षटकं, चारही निर्धाव, दोन बळी. चार षटकांत एकही धाव दिली नाही. ज्या संघात जाफरसारखा मोठा माणूस होता, त्याच संघात आपल्या जिल्ह्यातल्या पोराचीही जागा होती. मोठ्या माणसानं त्याची वाट अडवली नाही.

आणि अथर्व? ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरच्या जामठा मैदानावर शेष भारताविरुद्ध इराणी चषकात त्यानं पहिल्या डावात १४३ धावा काढल्या. विदर्भ ९३ धावांनी जिंकला आणि सामनावीर अथर्व होता. जाफर निवृत्त होऊन तोवर पाच वर्षं झाली होती. मोठ्या खेळाडूला आणण्याचा फायदा किती झाला, हे तो असताना कळत नाही बाबू. तो गेल्यावर, त्याच्या जागेवर कोण उभं आहे ते पाहिलं की कळतं.

करुण नायरचंही तसंच. भारतासाठी कसोटीत त्रिशतक काढलेला माणूस, स्वतःच्या राज्याच्या संघातून बाहेर पडला आणि २०२३ मध्ये विदर्भाकडे आला. वय एकतीस. पुन्हा कुरकुर झाली. मग फेब्रुवारी २०२५ ची जामठ्याची फायनल आठव. केरळविरुद्ध विदर्भ ३ बाद २४. तू टीव्हीसमोरून उठून गेला होतास. खेळपट्टीवर एका बाजूला करुण आणि दुसऱ्या बाजूला एकवीस वर्षांचा दानिश मालेवार. दोघांनी २१५ धावांची भागीदारी केली. करुण ८६ वर धावबाद झाला, दानिशनं १५३ काढल्या. विदर्भाला पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी मिळाली आणि तिच्यावरच करंडक आला. दुसऱ्या डावात करुणचं शतक झालं, तरी सामनावीर दानिश ठरला. त्या मोसमात सर्वाधिक धावा यश राठोडच्या होत्या, ९६०. हर्ष दुबेचे ६९ बळी म्हणजे रणजीच्या एका मोसमातला विक्रम. ही सगळी आपली विदर्भाची पोरं. करुण पुढच्या मोसमात कर्नाटकाला परत गेला, आणि वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काहीच नाही. त्याला दार उघडून दिलं, त्यानं दोन मोसम मनापासून दिले, आणि जाताना घर भरलेलं होतं.

याच फायनलमधली आणखी एक गोष्ट तुमच्यापैकी कुणी काढत नाही. समोर केरळकडून कोण खेळत होतं? आपला आदित्य सरवटे. २०१९ च्या फायनलमध्ये ज्यानं ११ बळी घेऊन आपल्याला जिंकून दिलं, तोच आता केरळचा प्रोफेशनल होता. त्यानं आपल्याच मैदानावर आपल्याविरुद्ध ७९ धावा काढल्या. म्हणजे आपण ज्याला भाडोत्री म्हणतो, तो दुसऱ्या गावात कुणाच्या तरी घरचा पोरगा असतो. त्रिवेंद्रमच्या एखाद्या टपरीवर आदित्यला कुणी तसं म्हटलं असतं, तर तुला कसं वाटलं असतं? म्हणून रविवारी त्या माणसानं झेल सोडल्यावर तुम्ही काही जणांनी ज्या शिव्या दिल्या, त्या मला अजिबात पटल्या नाहीत. त्याला बोलावलं म्हणून तो आला. जाब विचारायचा असेल तर बोलावणाऱ्यांना विचारा, आणि नीट शब्दांत विचारा.

आता बोलावणाऱ्यांबद्दल. इथे मी पूर्ण तुझ्या बाजूनं आहे.

फक्त एका फायनलसाठी, रविवारी सकाळी गाडीतून उतरणारा आणि संध्याकाळी पाकीट घेऊन जाणारा खेळाडू आणणं, याला मी अनुभव आणणं म्हणत नाही. त्यानं तुमच्याबरोबर एकदाही नेटमध्ये पाय ठेवला नाही. तुझं नावही त्याला माहीत नव्हतं. असा खेळाडू चषक देऊन जाईलही, पण मागे काही ठेवत नाही. विदर्भानं जाफरला बोलावलं ते मोसमांसाठी, सरावासाठी, ड्रेसिंग रूमसाठी. फरक तिथे आहे. म्हणून जुना खेळाडू आणायचा की नवा खेळवायचा, असा वाद घालू नका. तीन गोष्टी विचारा. तो किती दिवस आपल्यात राहणार? त्याच्यामुळे बाहेर बसणाऱ्या पोराला तो काय शिकवणार? आणि तो गेल्यावर ती जागा कुणाची, हे आज ठरलंय का? तिन्हींची उत्तरं मिळाली तर तोंडभरून स्वागत करा. एकही मिळालं नाही, तर हात वर करून सांगा की हे चुकतंय. तुम्ही सगळे मिळून बोललात तर संघ चालवणाऱ्यांना ऐकावं लागेल. वर्गणी तुमच्या घरून जाते, मैदानावर रोलर तुम्हीच ओढता.

यवतमाळचं पोर नागपूरला निवडीसाठी जातं तेव्हा पहाटेची एसटी पकडतं, कळंब, देवळी, वर्धा करत दीडशे किलोमीटर जातं. हरल्यावर त्याच वाटेनं परत येतं. एवढ्या लांबून येणाऱ्या पोराला एक वर्ष बाहेर बसवलं, तर बऱ्याचदा ते दुसऱ्या वर्षी बॅटच ठेवून देतं. बारावीचा निकाल, बापाचा कापूस, बहिणीचं लग्न, कारणं कमी नसतात. मी हे पाहिलंय. माझ्या वेळी मुलींचा संघ जमवायला अकरा जणी मिळायच्या नाहीत, आणि ज्या मिळाल्या त्यांतल्या दोघी एकेकदाच वगळल्या गेल्या आणि पुन्हा मैदानावर दिसल्या नाहीत. त्यांच्या हातात किती कसब होतं ते मला आजही आठवतं. म्हणून निवडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तरुण खेळाडू बँकेतल्या ठेवीसारखा नसतो, की आज नको, पाच वर्षांनी काढू. तो रोपासारखा असतो. यंदा पाणी तोडलं तर पुढच्या वर्षी टाकून उपयोग नाही.

आणि तुझ्याबद्दल शेवटचं सांगते, रागावू नकोस. रविवारी तू मैदानाच्या कडेला पाठ करून बसला होतास. पाणी द्यायला आत जायचास, पण त्या माणसाशी एक शब्द बोलला नाहीस. तो वीस षटकं उभा होता. फिरकी गोलंदाज आला की तो क्रीजच्या आत जाऊन उभा राहायचा, जलद आला की अर्धा फूट बाहेर. मला सीमेबाहेरून दिसलं, तुला दहा फुटांवरून दिसायला हवं होतं. अथर्वही कधीतरी बाहेर बसलाच असेल ना? बाहेर बसलेल्याचे डोळे उघडे असले तर बाहेर बसणंही फुकट जात नाही.

तर असं कर. आज जेव. उद्या सकाळी सहाला नेहरू स्टेडियमवर जा, मी तुला उठवते. शनिवारी तुमच्या संघाची बैठक आहे, तिथे ते तीन प्रश्न तू विचार, आवाज न चढवता. आणि पुढच्या वेळी कुणी मोठा खेळाडू आला, तर पाण्याची बाटली देताना त्याला आधी तुझं नाव सांग.